द्रौपदाबाईंचं कोपर

द्रौपदाबाईंचं कोपर खापरामुळे गेलं, असं आमच्या भावकीत अजून सांगतात. साफ खोटं. कोपर मोडलं ते मंगल कार्यालयाच्या पायरीवर, आणि मोडलेल्या कोपराची वाट लावली ती माझ्या या दोन अंगठ्यांनी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी त्या बिचाऱ्या खापराला बोल लावणार नाही.

मी नूतन, त्यांची धाकटी जाऊ. समोर मी त्यांना अक्का म्हणते आणि अहो-जाहो करते. इथे मनातलं सांगायचंय, म्हणून अगं-तुगं करणार आहे. अक्काला ते चालेल. ज्यांना चालणार नाही त्यांनी आपलं बघावं.

आमचं मूळ गाव शिंदखेड्याजवळचं, पण वीस-बावीस वर्षं झाली, दोन्ही घरं धुळ्यात देवपूरला भिंतीला भिंत लावून आहेत. अक्काचे यजमान पंडितआबा एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झाले. मुलगा स्वप्नील जळगावला पाइपांच्या कारखान्यात आहे आणि तिथेच राहतो. आणि अक्का मांडे करते. 'करते' म्हणजे घरच्यापुरतं नाही. लग्न असो, जावळ असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, खापरावरचे मांडे म्हटलं की देवपुरापासून पार सोनगीरपर्यंत लोक आधी अक्काची तारीख विचारायचे आणि मग मुहूर्त बघायचे. यात मी तिखट-मीठ लावलेलं नाही.

ज्यांनी मांडा होताना पाहिला नसेल त्यांना सांगते. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालतात. पुरण भरलेला गोळा पोळपाटावर जरासा लाटायचा आणि मग हातांवर घ्यायचा. या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर तो असा फिरवायचा की आपल्याच वजनानं पसरत पसरत मनगटावरून कोपरापर्यंत येतो. पुरण बाहेर दिसता कामा नये आणि पारी फाटता कामा नये. मग एका झटक्यात तो खापरावर टाकायचा. बघणाऱ्याला वाटतं बोटांची करामत आहे. बोटं नुसती नावाला असतात, सगळं काम कोपराचं.

आणि मांडा हाताला चिकटू नये म्हणून बसण्याआधी दोन्ही हातांना कोपरापर्यंत तेल लावतात. अक्काच्या हातांना तेल लावायचं काम लग्न होऊन आल्यापासून माझं. सासूबाईंनी ते मला नेमून दिलं, कारण माझा हात तेलाचा. लचकलेला पाय, धरलेली मान, बाळंतिणीची कंबर, सगळं आमच्या गल्लीतून माझ्याकडे यायचं. "नूतनना अंगठा लागना की दुखणं पळस," असं बायका अहिराणीत म्हणायच्या आणि मी फुगायचे. कोणीही फुगलं असतं.

तर मागच्याच्या मागच्या वर्षी मार्गशीर्षात एका लग्नाला आम्ही टेम्पोतून कार्यालयावर पोचलो. खापर उतरवायला गडी होते, पण अक्का ते दुसऱ्याच्या हातात देईल तर शपथ. आमच्या सासूबाईंच्या हातचं, तेवीस वर्षं तापून तापून काळं कुळकुळीत झालेलं खापर. ते छातीशी धरून ती पायऱ्या चढत होती आणि कोणीतरी नुकत्याच धुतलेल्या पायरीवर तिचा पाय सरकला. खापर सोडलं असतं तर दोन्ही हात टेकून ती वाचली असती. तिनं खापर डाव्या हातानं वर धरलं आणि सगळं अंग उजव्या कोपरावर घेतलं. आवाज मी ऐकला.

मी धावले तर तिनं पहिलं काय बोलावं? "खापर देख! फुटनं नही ना?"

खापराला तडाही गेला नव्हता. कोपर मात्र निखळलं होतं आणि मोडलंही होतं. त्याच दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात दाखल केलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तारा, पट्टी, स्क्रू, जे काय घालायचं ते घातलं. पंधरा दिवसांनी आधाराचं प्लास्टर निघालं. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हात तिनं स्वतःच हळूहळू हलवायचा, कोणी ओढायचा नाही आणि मालिश करायची नाही.

मी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते की मालिशचं कोणी काही बोललंच नाही. सांगितलं होतं. मी तिथेच पिशवी धरून उभी होते. पण मनात म्हटलं, डॉक्टरला हाडातलं कळतं, तेलातलं काय कळणार!

आमच्याकडे तसं कोणालाच वाटत नाही की तेल लावण्यात चूक असू शकते. मूल जन्मलं की तेल, बाई बाळंत झाली की तेल, म्हातारं अंथरुणाला लागलं की तेल. मग आखडलेलं कोपर तसंच ठेवायचं? मी दुपारची कामं उरकून, पंडितआबा बाहेर गेले की, अक्काकडे जायचे. तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कढवायचे, आणि कोपराच्या वरच्या बाजूला अंगठा रोवून चोळायचे. मग मनगट धरून हात वाकवायचे. अक्का पदराचा बोळा तोंडात धरायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण एकदाही तिनं हात मागे घेतला नाही.

दहा-बारा दिवसांत दंडाच्या पुढच्या बाजूला, कोपराच्या जरा वर, गरम आणि टणक गाठ लागायला लागली. मी म्हटलं, रक्त साकळलंय, मोडायला हवं. आणखी जोर लावला. जितका जोर लावला तितका हात कमी वाकायला लागला, आणि जितका कमी वाकला तितका मी जोर वाढवला. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. तीन आठवडे मी हे केलं.

मग हात जिथे होता तिथेच थांबला. जवळजवळ सरळ, जरासा वाकलेला. वरही जाईना, खालीही जाईना.

पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला आणि बोटानं दाखवलं. कोपराच्या पुढे, जिथे नुसतं मांस असायला हवं, तिथे पांढुरका ढग दिसत होता. डॉक्टर म्हणाले, हे हाड आहे. मांसात हाड तयार होतंय. मोठा मार लागला, ऑपरेशन झालं की कधी कधी शरीराचा अंदाज चुकतो. मोडलेलं सांधायला घेतलेलं काम ते सांध्यापाशी थांबवत नाही, शेजारच्या मांसातही हाड घालत सुटतं.

डॉक्टरांनी विचारलं, "मालिश केली होती का कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "नही साहेब. कोणीच नही."

डॉक्टर म्हणाले, मालिशशिवायही होतं, पण मालिश आणि ओढाताण केली तर जास्त होतं. पंडितआबा शेजारी होते. मी गप्प राहिले. लाज वाटली म्हणून नाही, भीती वाटली म्हणून गप्प राहिले. घरी येताना रिक्षात अक्का माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, बाहेर बघत होती.

हे नवं हाड लगेच काढता येत नाही, असंही डॉक्टरांनी सांगितलं. ते कच्चं असताना छेडलं तर पुन्हा उगवतं. पिकू द्यायचं, वर्षभर तरी. मग बघू. पंडितआबांना ते पटेना, पण अक्काला एका क्षणात कळलं. "कच्चं खापर चुल्हावर ठेवं ते तडकी जास," ती म्हणाली. "थांबसूत."

थांबणं म्हणजे काय, ते आता सांगते. उजवा हात तोंडापर्यंत पोचत नाही. कानापर्यंत नाही, कपाळापर्यंत नाही. कुंकू डाव्या हातानं लावायचं, ते वाकडं लागायचं. ब्लाउजचं बटण लावता येत नाही. पंडितआबा चांगले माणूस, ते घास भरवायला बसले तर तिनं ताट ओढून घेतलं आणि डाव्या हातानं खायला लागली. पहिल्या आठवड्यात निम्मं वरण साडीवर सांडायचं. ती साडी बदलायची आणि पुन्हा डाव्या हातानंच खायची.

एका लग्नात पंगतीत समोरचा एक म्हातारा नातेवाईक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय वं द्रौपदा, डावा हातवरी जेवस?" मला वाटलं, आता ही उठून जाणार. अक्का आरामात भाताचा घास घेत म्हणाली, "उजवा सुट्टीवर शे, नाना. तुमना चालू शे ना? मंग जेवा." पंगत हसली आणि नानांनी ताटात डोकं घातलं.

वेणीचं तर मी जन्मात विसरणार नाही. तिची वेणी कमरेच्या खाली होती, त्या वयातही दाट. रोज सकाळी मी घालायला जायचे. एक दिवस तिनं माझ्या हातात कात्री दिली. "कापी टाक."

"बठ्ठी? सगळी?" मी विचारलं.

"बठ्ठी. मान लगून. रोज कोणासमोर पाठ करीसन बसू?"

मी रडत रडत कापली. ती आरशात बघत होती, रडली नाही. पंडितआबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तीच त्यांना म्हणाली, केस मना, मान मनी, तुम्ही कसाले रुसनात? आणि चहा करायला लावला.

त्या वर्षात मी तेलाच्या वाटीला हात लावला नाही. गल्लीतल्या बायका बोलावायला यायच्या, मी अंगठा दुखतो म्हणून सांगायचे. नातवंडाला न्हाऊ घालायला म्हणून एकीनं दोनदा निरोप पाठवला, नाही गेले. माझा राग माझ्या हातांवर होता. खरं सांगते, कधी कधी तो अक्कावरही निघायचा. वाटायचं, हिनं खोटं का बोलावं? एकदा सगळ्यांसमोर चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

खापर अक्काच्या माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलं होतं. लोकांनी हळूहळू तारखा विचारणं बंद केलं.

वर्ष उलटलं. स्वप्नीलनं जळगावला एका मोठ्या डॉक्टरांना फोटो दाखवले. ते म्हणाले, हाड आता पिकलंय, काढता येईल. पण सांगून ठेवतो, बाजूनं नस जाते, धोका आहे. हात पूर्वीसारखा होईल असं नाही. आणि हाड पुन्हा येऊ शकतं. तेव्हा घरी विचार करा.

घरी विचार म्हणजे काय, तर सगळे मिळून अक्काला गप्प बसवायला लागले. स्वप्नीलच्या घरी बैठक बसली. पंडितआबा म्हणाले, वयाला चोपन्न वर्षं झाली, आता काय करायचंय? स्वप्नील तिला समजावत होता. "आई, घरात सगळं आहे. डाव्या हाताची तुला सवय झालीय. दुखत तर नाही ना? आणि मांड्यांचं म्हणशील तर हल्ली मांडे ऑर्डर देऊन मिळतात."

अक्कानं त्याच्याकडे असं बघितलं की पोरगा खुर्चीत मागे सरकला.

"मांडा इकत भेटतस," ती म्हणाली. "हात इकत भेटस का?"

"पण बिघडलं तर?"

"बिघडेल शे ना आते? मंग आखो काय बिघडी? हात मना शे. सही मी करसू."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर आधीची सगळी माहिती लिहून घेत होते. पंडितआबा, स्वप्नील, मी, सगळे होतो. पुन्हा तोच प्रश्न आला. पहिल्या ऑपरेशननंतर मालिश झाली होती? अक्का 'नही' म्हणायला वळली आणि या वेळी मी तिच्याआधी बोलले.

"मी केली. तीन आठवडे, रोज. हातही ओढून वाकवायचे. करू नका म्हणून सांगितलं होतं, तरी केली."

डॉक्टर लिहीत राहिले. स्वप्नीलचा चेहरा लाल झाला. "काकू, तुम्ही?" एवढंच म्हणाला आणि बाहेर निघून गेला. पंडितआबा माझ्याकडे बघेनात.

अक्का माझ्यावर उखडली. "तुले कोणी इचारं व्हतं का?"

"अक्का, तुम्ही का लपवलं?"

"हात कोणा व्हता? मनाच ना? तू चोळी राहिनथी तवय मी हात मांगे लिधा का? मालेबी वाटे मोकळा व्हई. दोन्हीसनी चुकी शे. तू एकलीच कसाले लेस?"

मी तिथेच त्या बाकावर हुंदके देऊन रडले. अक्कानं मला जवळ घेतलं नाही, तिचा तो स्वभाव नाही. तिनं समोरचा कागद ओढला आणि डाव्या हातानं, शाळेतल्या पोरासारखी जीभ बाहेर काढून, सही केली. 'द्रौपदाबाई' या नावाला सगळा कागद लागला.

ऑपरेशन अडीच तास चाललं. नंतर डॉक्टरांनी बाटलीत ठेवलेलं ते हाड दाखवलं. तीन तुकडे सुपारीएवढे आणि एक चपटा, चिंचेच्या बोटकासारखा. आम्ही माना फिरवल्या. अक्का म्हणाली, "इकडे देखाडा, मनं शे ते." तिनं ती बाटली उजेडाकडे धरून नीट पाहिली. मग म्हणाली, घर कोणी दिलं होतं तुला तिथे राहायला? तुकड्यांना म्हणाली, बरं का.

हाड परत येऊ नये म्हणून गोळ्या होत्या, त्यांनी पोटात आग पडायची. करंगळीला महिनाभर मुंग्या येत होत्या. आणि दुसऱ्याच दिवसापासून व्यायाम. त्यासाठी समीक्षा नावाची मुलगी होती, चाळीसगावची. रोज सकाळच्या गाडीनं जळगावला येणारी, बारीक अंगाची, पण बोलणं एकदम रोखठोक. तिनं पहिल्याच दिवशी मला समोर बसवलं.

"मावशी, तुम्हीच ना त्या मालिशवाल्या?"

मी मान हलवली.

"मग तुमच्याकडे सगळ्यात अवघड काम देते. यांचा हात यांनी स्वतः हलवायचा, दिवसातून पाच वेळा. टेबलावर फडकं ठेवून पुढे-मागे सरकवायचा, जेवढा वाकेल तेवढाच वाकवायचा. तुम्ही समोर बसायचं आणि त्या हाताला बोटसुद्धा लावायचं नाही. आणि दुसऱ्या कोणाला लावू द्यायचं नाही. जमेल?"

जमवलं. दोन महिने आम्ही दोघी स्वप्नीलच्या घरी राहिलो. अक्का फडकं सरकवायची आणि मी स्वतःच्या मांड्यांखाली हात दाबून बसायचे. समीक्षा एक कोनमापकासारखी पट्टी लावून मोजायची. पहिल्या आठवड्यात नव्वद अंश झाले, आम्ही पेढे आणले. तिसऱ्या आठवड्यात सूज चढली आणि सत्तरवर आले. दंड पुन्हा गरम लागायला लागला. त्या दिवशी अक्का पहिल्यांदा रडली, भिंतीकडे तोंड करून. म्हणाली, "उनं वं ते हाड परत. मनं मन सांगस, परत उनं." माझे अंगठे अक्षरशः वळवळत होते. इतक्या वर्षांची सवय, दुखतंय म्हटलं की हात पुढे जातो. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना सगळी भांडी घासली.

फोटो काढला. ढग नव्हता. नुसती सूज होती. समीक्षा म्हणाली, रडून झालं असेल तर फडकं घ्या.

त्याच आठवड्यात अक्काची थोरली बहीण सुगंधाबाई शिंदखेड्याहून भेटायला आली. येताना साक्रीकडून मागवलेलं मोहाचं तेल, चांगली लिटरभराची बाटली घेऊन आली. पदर खोचून ती अक्काच्या खाटेवर बसली. "कसा लाकूड व्हयी गया हात! या पोरीसले काय समजस? आन वाटी."

मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, मावशी, तेल नाही लावायचं.

"तू माले शिकाडस? तूच ना ती, जगाले तेल लावत फिरणारी?"

"हो, मीच ती," मी म्हणाले. "म्हणूनच सांगते. हा हात मी एकदा घालवलाय, आता कोणाच्या बापाला घालवू देणार नाही."

मोठ्या माणसाशी असं बोलायला नको होतं हे मला कळतं. पण बोलले, आणि बाटली तिच्या हातातून घेऊन मोरीत ओतली. सगळी. घरभर मोहाचा वास सुटला. सुगंधाबाई जी संतापली ती चहा न घेता दुपारच्या गाडीनं परत गेली. स्वप्नील दारात उभा होता, त्यानं सगळं पाहिलं होतं. त्या दवाखान्याच्या दिवसानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. तो आत आला आणि म्हणाला, "काकू, बसा. मी चहा ठेवतो."

आखाजीला आम्ही धुळ्याला परतलो होतो. ऑपरेशनला साडेतीन महिने झाले होते. हात वाकायला एकशे दहा अंशांपर्यंत वाकत होता, घास तोंडात जात होता. सरळ मात्र पुरता होत नव्हता. समीक्षानं सांगितलं होतं की यापुढे फार वाढेल असं वाटत नाही. अक्कानं तिला फोनवर विचारलं, मांडा करू का? ती म्हणाली, वजन उचलायचं नाही. अक्का म्हणाली, "मांडाले काय वजन ऱ्हास?" आणि फोन ठेवून, सणाला आलेल्या स्वप्नीलला खापर काढायला माळ्यावर चढवलं.

गहू ओलवून दळलेले, पीठ फडक्यानं चाळलेलं, पुरण वाटलेलं, आमरस काढलेला. घागर पुजून झाली. अंगणात तीन विटांवर खापर तापायला ठेवलं. घरातले सगळे जमले होते, शेजारच्या चार बायकाही कुंपणाशी येऊन थांबल्या होत्या. मी लांब, तुळशीपाशी उभी होते. अक्कानं स्वतःच्या डाव्या हातानं उजव्या हाताला तेल लावलं, कसंबसं, आणि पाटावर बसली.

पहिला गोळा हातावर घेतला. उजवं कोपर झटक्यात सरळ होईना, मांडा मध्येच अडला आणि फाटला. पुरण चुलीत पडलं. तिनं दुसरा घेतला. या वेळी तिनं वेगळं काही केलं. उजवा हात तिनं हलवलाच नाही, फळीसारखा धरून ठेवला, आणि फिरवला तो डावा. दीड वर्ष डाव्या हातानं जेवलेली बाई, डावा हात चांगला तयार झाला होता. मांडा पसरायला लागला, मनगट ओलांडून गेला, आणि कोपराजवळ, ऑपरेशनच्या वणापाशी चिकटून टर्रकन फाटला.

कुंपणाशी कोणीतरी चुकचुकलं. पंडितआबा पुढे आले. "द्रौपदा, पुरे आता. करून पाहिलं ना? आता ऊठ."

"तुम्ही मांगे व्हा," अक्का म्हणाली. तिचा चेहरा जाळानं लाल झाला होता. ती वणावर चिकटलेली कणीक नखानं काढत होती. मग मान वर न करता तिनं हाक मारली. "नूतन."

मी जागेवरून हलले नाही.

"नूतन! हाताले तेल लाव. मनाकडथाईन नीट लागत नही."

"अक्का, मी नाही लावणार. स्वप्नीलला सांगा."

"स्वप्नील कवय लावे का? सासूबाईनी तुले सांगेल शे, तूच लावशी. ये."

मी गेले. वाटीत बोटं बुडवली. तिचा हात माझ्यासमोर होता, कोपरावर वीतभर लांबीचा वण, गुलाबी, चमकणारा. दीड वर्षात मी त्या हाताला स्पर्श केला नव्हता. मला वाटलं, माझी बोटं लागली की पुन्हा काहीतरी होईल. डोळ्यांना काही दिसेना.

"चोळू नको," अक्का हळू म्हणाली. "नुसतं लाव."

मी लावलं. मनगटापासून वर, अंगठा बाजूला ठेवून, फक्त बोटांच्या टोकांनी. वणाच्या वरून, वणाच्या कडेनं, कोपराच्या मागून, जिथे तिचा हात पोचत नव्हता. तिनं पदर तोंडात धरला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती.

"झालं," मी म्हणाले.

तिसरा गोळा तिनं घेतला. उजवा हात तसाच धरला, डावा फिरत राहिला. मांडा मनगट ओलांडून गेला, वणावर आला, आणि सरकला. एका बाजूनं लांबट, एका बाजूनं जाड, पूर्वीच्या मांड्याच्या मानानं अगदीच बेढब. अक्कानं कमरेतून वळून तो खापरावर टाकला. पापुद्रा फुगला. पंडितआबा नाक शिंकरत होते.

अक्कानं तो उलथून काढला, घडी घातली आणि परातीत ठेवला. मग पुढचा गोळा उचलण्याआधी तिनं दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"देखी काय राहिनी? अजून वीस करना शेतस. तेल लाव."